भाचीबाई, सी शिकतेस तर हे ऐक

सी शिकायला बसलीस, छान झालं. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा तुझ्या आईहूनही वयाने मोठी आहे, तेव्हा जरा मानाने घे. पुस्तक कुठलंही आण, पण पहिल्या दिवसापासून हात टर्मिनलवर हवेत. लिनक्स आणि जीसीसी कम्पायलर धरून चार गोष्टी सांगते. मावशीचं ऐकून कुणाचं वाईट झालेलं नाही.

1. पहिला प्रोग्राम ‘हॅलो, वर्ल्ड’चाच लिही, नाक मुरडू नकोस – कर्निहन आणि रिची यांच्या 1978 च्या पुस्तकातही सुरुवात तिथूनच आहे. एडिटर, कम्पायलर आणि टर्मिनल जागच्या जागी आहेत ना, हे त्या चार-पाच ओळींत कळून जातं.

2. कोड हाताने टाइप कर, वर्डमधून उचलून चिकटवू नकोस – तिथली अवतरणचिन्हं वाकडी असतात आणि कम्पायलरला सरळ लागतात. ‘स्ट्रे’ शब्दाने सुरू होणारे एरर दिसले की आधी ती चिन्हं तपास.

3. प्रोग्रामचं नाव ‘टेस्ट’ ठेवू नकोस – त्या नावाची आज्ञा शेलमध्ये आधीपासूनच आहे. नुसतं नाव टाइप केलंस तर तीच चालेल, पडद्यावर काही उमटणार नाही आणि तू बिचाऱ्या कोडवर रागावत बसशील.

4. कम्पाइल करण्याआधी फाइल सेव्ह कर – कम्पायलर डिस्कवरची फाइल वाचतो, तुझ्या एडिटरमध्ये डोकावत नाही. सेव्ह केलं नाही ते लिहिलंच नाही.

5. ‘-ओ’च्या पुढे तयार होणाऱ्या प्रोग्रामचं नाव दे आणि एंटर दाबण्याआधी ते पुन्हा वाच – तिथे चुकून दुसऱ्याच एखाद्या सी फाइलचं नाव पडलं, तर जीसीसी न विचारता तिच्यावर नवा प्रोग्राम लिहून मोकळा होतो. एंटर दाबायला क्षण, पुन्हा लिहायला रात्र.

6. ‘-डब्ल्यूऑल’ आणि ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ पहिल्या दिवसापासून लाव – अटीत दोन ‘=’ ऐवजी एकच पडला किंवा स्कॅनएफमध्ये ‘&’ राहून गेला, तर कम्पायलर तिथल्या तिथे टोकतो. वॉर्निंग गिळली की बग पोटात वाढतो.

7. एररची रांग लागली तर घाबरू नकोस. फक्त पहिला दुरुस्त कर आणि पुन्हा कम्पाइल कर – एक महिरपी कंस सुटला तरी पुढच्या कितीतरी ओळी कम्पायलरला वेड्यावाकड्या दिसतात. दाखवलेल्या ओळीत काही सापडेना, तर तिच्या वरची ओळ बघ.

8. एरर आलेला असताना प्रोग्राम चालवून बघू नकोस – मागच्या वेळी बनलेला जुना प्रोग्राम फोल्डरमध्ये तसाच असतो, तोच चालतो. मग ‘बदल केला तरी उत्तर तेच कसं?’ म्हणून डोकं धरशील.

9. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसलं की ओळ शोधत बसू नकोस, ती तक्रार लिंकरची आहे – वर्गमूळ काढायला मॅथचं हेडर जोडलंस तरी आज्ञेच्या शेवटी ‘-एलएम’ लागतं. हेडर ओळख करून देतं, गाठ लिंकर घालून देतो.

10. फंक्शनच्या आतल्या प्रत्येक व्हेरिएबलला सुरुवातीलाच किंमत दे – सी तिथे आपणहून शून्य ठेवत नाही, मेमरीत आधीचं जे पडलेलं असेल तेच हाती येतं. न भरलेला डबा रिकामा नसतो, बाई.

11. दहा घरांचा ॲरे असेल तर मोजणी शून्यापासून नऊपर्यंत, दहावर पाय ठेवू नकोस – सी तुला अडवत नाही, शेजारची मेमरी बिघडते आणि बोंब भलतीकडेच उठते.

12. कॉलेजात अजून टर्बो सी असेल तर तिथे निमूट मार्क मिळव, पण घरी जीसीसीच वापर – टर्बो सी 1987 मधलं, डॉसच्या काळातलं. त्यात ‘इंट’ 32767 ला संपतो आणि आजच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर 2147483647 ला, म्हणून तोच कोड दोन ठिकाणी दोन उत्तरं देऊ शकतो.

13. पाच-सात ओळी लिहिल्या की कम्पाइल कर, शंभर साठवू नकोस – मघाशी चालत होतं आणि आत्ता नाही, म्हणजे चोर त्या पाच-सात ओळींतच आहे. घास लहान, ठसका लहान.

14. रन करण्याआधी उत्तर कागदावर काढून ठेव – कम्पायलर भाषेचे नियम तपासतो, तुझा हिशेब नाही. पाचला दोनने भागून अडीचची वाट बघत बसशील आणि इंटचा भागाकार 2 देऊन मोकळा होईल, एकही वॉर्निंग न देता.

कागद आणि पडदा जुळले तर मला फोन कर. नाही जुळले तरी कर, पण ‘मावशी, चालत नाही गं’ एवढंच म्हणू नकोस. पहिला एरर अक्षरन् अक्षर वाचून दाखव. निम्म्या वेळा वाचता वाचता तुझं तुलाच सापडेल, आणि मग आपल्याला गप्पा मारायला वेळ उरेल.