टोपीची घाई नको

सातारा

चि. मृण्मयीस,


तू पाठवलेला ओपीजी एक्स-रे आणि दवाखान्याने दिलेलं खर्चाचं पत्रक, दोन्ही नीट पाहिलं. तारा लावायचा तुझा निर्णय मला पटला. हिरड्या निरोगी असतील तर दात सरकायला वयाची आडकाठी नसते, आणि तिशीतल्या माणसाने तारा लावल्या तर हल्ली कोणी वळून बघत नाही. माझी हरकत आहे ती पत्रकातल्या क्रमाला. त्यात आधी इम्प्लांट, मग झिर्कोनियाच्या दोन टोप्या आणि शेवटी तारा असं लिहिलंय. इम्प्लांटचे 40,000, टोप्यांचे प्रत्येकी 12,000, तारांचे 60,000, म्हणजे एकूण 1,24,000 रुपये, आणि या महिन्यात सगळे भरले तर दहा टक्के सूट. आयुष्यभर लोकांच्या दातांवर टोप्या बसवलेल्या बाईने हे सांगावं याची तुला गंमत वाटेल, पण सांगते. कोणत्या दाताला टोपी लागेल, इम्प्लांट कुठे आणि किती रुंदीचा लागेल, हे सगळं तारा लावण्याआधी ठरवून घे. पण पक्कं काम करून घे ते दात जागेवर आल्यावर. आज पैसे घालायचे ते कीड, हिरड्या आणि तुटायच्या बेतात असलेला दात, एवढ्यावरच.

असं का, ते इम्प्लांटच्या उदाहरणावरून लगेच कळेल. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा एक थर असतो. तारेने दात ढकलला की एका बाजूला हा थर दाबला जातो आणि तिथलं हाड झिजतं. दुसऱ्या बाजूला तो ताणला जातो आणि तिथे नवं हाड तयार होतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने दात सरकतो तो असा. इम्प्लांटभोवती हा थर नसतोच. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हापासून या उपचाराची सारी भिस्त एकाच गोष्टीवर आहे: टायटॅनियमला हाड थेट धरून बसतं. ती पकड इतकी पक्की असते की मग कसलीही तार त्याला हलवू शकत नाही. आज बसवलेला इम्प्लांट आजच्या वेड्यावाकड्या दातांच्या हिशोबाने बसेल. दीड वर्षाने बाकीचे दात आपापल्या जागी जातील आणि तो एकटा जुन्या जागेवर अडून राहील.

तुझ्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. खालची डावी पहिली दाढ काढून बरीच वर्षं झाली, आणि मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलली आहे. एक्स-रेत ते अगदी स्पष्ट दिसतं. पहिली दाढ साधारण 11 मिलिमीटर रुंद असते. तुझ्या दाढेच्या कलण्यामुळे वरच्या बाजूला जागा त्याहून बरीच कमी उरली आहे. तिथे आज इम्प्लांट घातला तर त्यावरची टोपी अरुंद करावी लागेल, कललेल्या दाढेखाली अन्न अडकत राहील, आणि पुढे तारेने ती दाढ उभी केली की अरुंद टोपीच्या मागे फट पडेल. मग टोपी नवी करायची, तीही नेमक्या जागेवर नसलेल्या स्क्रूवर. याउलट आधी दाढ उभी केली, त्याला सहा महिने ते वर्षभर लागेल, तर इम्प्लांटला सरळ आणि पुरेशी जागा मिळते. शिवाय आणखी एक शक्यता आहे, ती पत्रकात कुठेच नाही. त्या बाजूची तुझी अक्कलदाढ शाबूत आहे. हाडाची रुंदी पुरेशी असेल तर हिरडीतून हाडात छोटा तात्पुरता स्क्रू घालून त्याच्या आधाराने मागच्या दोन्ही दाढा पुढे ओढता येतात आणि ती जागा कायमची बंद होते. हे काम वेळखाऊ आहे. जुन्या खड्ड्यातलं हाड अरुंद झालेलं असेल तर जमणारही नाही. पण जमलं तर 40,000 रुपयांचा इम्प्लांट लागतच नाही. हा प्रश्न विचारायच्या आधीच इम्प्लांट घातला की तो पर्याय कायमचा मिटला. इम्प्लांट आधी घालण्याला एक खरं कारण असू शकतं, हे मान्य करते: जबड्यात मागे आधाराला दातच उरले नसतील तर इम्प्लांटचाच खांब करून पुढचे दात ओढतात. तेव्हाही त्याची जागा शेवटच्या मांडणीवरून मोजून काढावी लागते. तुझ्या तोंडात आधाराला भरपूर दात आहेत.

आता उजव्या बाजूची रूट कॅनाल झालेली दाढ. इथे तू माझ्याशी वाद घालशील, आणि तुझा मुद्दा बिनबुडाचा नसेल. रूट कॅनालनंतर दाढेला टोपी हवीच, हे आम्हीच लोकांना सांगत आलो. 2002 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी असं दाखवलं की रूट कॅनाल केलेले, पण टोपी नसलेले दात टोपीवाल्या दातांच्या सहापट वेगाने गमवावे लागले. मग तारा चालू असेपर्यंत ही दाढ उघडी ठेवायला सांगते आहे का मी? मुळीच नाही. दाढेला हवं असतं ते तिच्या उंचवट्यांना झाकणारं आवरण, म्हणजे चावताना भिंती फाकत नाहीत. ते आवरण झिर्कोनियाचंच पाहिजे असं कुठे आहे? कॉम्पोझिटने दाढ भक्कम भरून, उंचवटे त्यातच झाकून, भोवती तारेच्या कामातला स्टीलचा पट्टा चिकटवला तर दाढ दोन्ही बाजूंनी बांधली जाते आणि तार अडकवायला जागाही मिळते. झिर्कोनियाची टोपी आधी बसवली तर मात्र तार धरणारा ब्रॅकेट चिकटवताना अडचण येते. मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली दाखवलं की आम्लाने एनॅमल थोडं खरखरीत केलं की त्याला राळ घट्ट धरते. आजचे ब्रॅकेट त्याच तत्त्वावर चिकटतात. पोर्सेलीनला त्यासाठी वेगळं, जास्त जहाल आम्ल लागतं, आणि झिर्कोनियात काचेचा अंश नसल्यामुळे त्या आम्लाचाही उपयोग होत नाही. वाळूचा मारा आणि खास प्रायमर वापरून काम भागवतात, पण त्याने नव्याकोऱ्या टोपीची झिलई जाते. आणि दाढ सरकून चावा बदलला की टोपी उंच लागते, मग ती घासायची. बारा हजारांची टोपी घासून घासून बसवून घेण्यापेक्षा वर्ष-दीड वर्ष कॉम्पोझिटवर काढलेलं बरं. मात्र एक अट आहे. आतली भिंत एक्स-रेत दिसते त्याहून पातळ निघाली, किंवा दाढेला तडा गेला असेल, तर थांबू नकोस. तेव्हा तात्पुरती अॅक्रिलिकची टोपी घाल. दोनदा खर्च झाला तरी चालेल. दाढ गेली तर आणखी एक इम्प्लांट आला.

वरचा उजवा, सुळ्याच्या अलीकडचा तुझा दात डाव्या बाजूच्या जोडीदारापेक्षा बारीक आहे, म्हणून त्यालाही टोपी सुचवली आहे. हा सल्ला मला सगळ्यात कमी पटला. पूर्ण टोपीसाठी दात कोरताना त्याच्या दिसणाऱ्या भागाचा 63 ते 72 टक्के ऐवज निघून जातो, असं 2002 सालच्या एका मोजणीत आढळलं. निरोगी, जिवंत दाताचा दोन तृतीयांश भाग कापायचा, कशासाठी, तर तो एखाद-दोन मिलिमीटर बारीक आहे म्हणून! दुसरीही एक गोष्ट यात आहे. वेन बोल्टन यांनी 1958 साली चांगल्या चाव्यांची मापं घेऊन दाखवलं की खालच्या पुढच्या सहा दातांची एकूण रुंदी वरच्या सहा दातांच्या 77.2 टक्क्यांच्या आसपास असावी लागते. वरचा एक दात बारीक असला की हे गणित चुकतं, आणि तारांनी सगळे दात एकमेकांना टेकवून ठेवले की चावा नीट जुळत नाही. म्हणून तारेवाल्या डॉक्टरांनी त्या बारीक दाताच्या दोन्ही बाजूंना ठरवून थोडी फट सोडायची आणि ती कॉम्पोझिटने भरून दात रुंद करायचा. त्यात दात कोरावा लागत नाही, खर्च टोपीच्या निम्म्याहून कमी येतो, आणि काही वर्षांनी रंग उतरला तर वरच्यावर दुरुस्त करता येतो. पण ही फट किती सोडायची हे पहिल्या दिवशी ठरायला हवं. दात मागाहून सरकवायचा म्हणजे तारा आणखी काही महिने तोंडात.

कोणी तुला असंही सुचवेल की तारांची भानगडच नको, समोरच्या सहा-आठ दातांना टोप्या घाल, पंधरा दिवसांत सरळ रांग. लग्न ठरलेल्या मुलींना हा सल्ला फार मिळतो. वाकडा दात टोपीने सरळ दाखवायचा तर तो जास्तच कोरावा लागतो, कधी कधी नसेपर्यंत, आणि मग रूट कॅनाल. त्या टोप्या बदलायची वेळही येतेच. तुझ्यासारख्या शहाण्या मुलीला याहून जास्त सांगायला नको.

आता पैशांकडे येऊ. दीड वर्षाने भाव वाढतील, मग आजच का नको, हा तुझ्या बाबांचा प्रश्न मला न विचारताच ऐकू येतोय. वर्षाला दहा टक्क्यांनी वाढ धरली तरी आजचा 40,000 चा इम्प्लांट तेव्हा 46,000 च्या आसपास जाईल. तेच 40,000 या काळात बँकेत ठेवलेस तर व्याजाचे तीन-चार हजार सुटतील. म्हणजे थांबण्याची खरी किंमत दोन-तीन हजार. चुकीच्या जागी बसलेल्या इम्प्लांटची किंमत सगळेच्या सगळे 40,000, वर तो काढताना जाणारं हाड वेगळंच. दहा टक्के सूट म्हणजे 12,400 रुपये, हा आकडा मोहात पाडणारा आहे, हे कबूल. पण सूट मिळते ती सगळे पैसे आगाऊ दिल्याबद्दल, आणि ज्याचे पैसे आगाऊ दिले ते काम नको म्हणायला मग आपली जीभ रेटत नाही. तारांवर सूट माग, तेवढी मिळते. बिनव्याजी हप्त्यांच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेव की रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते प्रक्रिया शुल्कात किंवा हुकलेल्या सवलतीत दडलेलं असतं. रोखीचा भाव आणि हप्त्यांचा भाव दोन्ही लिहून माग. विम्यावर फार भिस्त ठेवू नकोस. अपघात झाल्याशिवाय दातांचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक पॉलिस्यांत बसत नाही. तुझ्या ऑफिसच्या विम्यात ओपीडीची तरतूद असेल तर तेवढी तपासून घे.

दोन डॉक्टरांना सांभाळायचं तुला अवघड वाटेल, पण हे करावंच लागेल. तारांसाठी ऑर्थोडोंटिक्समध्ये एमडीएस केलेले डॉक्टर निवड. टोप्यांची आणि इम्प्लांटची योजना आजच्या दवाखान्याने केली तरी ती तारेवाल्यांच्या मांडणीवर बेतलेली असू दे. संगणकावर किंवा मेणात शेवटची रांग कशी दिसेल ते करून दाखवतात. ती दोघांनी मिळून पाहावी आणि क्रम एका कागदावर लिहून द्यावा, असा आग्रह धर. डॉक्टर रागावतील ही भीती मनातून काढून टाक. चांगल्या डॉक्टरला असा कागद सोयीचाच वाटतो. हात फारच आखडत असेल तर दंत महाविद्यालयाचा विचार कर. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च बराच कमी येतो. फक्त एमडीएस तीन वर्षांचं असतं आणि तुझं काम दीड-दोन वर्षांचं, म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे नाव लागेल असं बघ. नाहीतर अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती जावं लागतं.

पत्रकात रिटेनरचा उल्लेख नाही, तो लिहून घे. तोही दोनदा. तारा निघाल्या की लगेच एक रिटेनर लागेल, नाहीतर दात मागे फिरायला लागतात. काही महिने चावा स्थिरावू दिल्यावर मग उजव्या दाढेची पक्की टोपी आणि, लागलाच तर, डावीकडचा इम्प्लांट. टोपी बसली की दाताचा आकार बदलतो आणि पहिला रिटेनर नीट बसत नाही, म्हणून दुसरा करावा लागतो. त्याचे पैसे आत्ताच धरून ठेव. हिरड्यांची तपासणी मात्र पुढच्या आठवड्यातच करून घे आणि हिरडीच्या खोलीचे आकडे मला कळव. ते पाहिल्याशिवाय तारांचे पहिले पैसे भरू नकोस.

तुझी,
आत्या