सहकार अभ्यासपाठ : ऐंशी रुपयांचा पापड आणि आपला ऊस



अभ्यासवर्गात आपण नेहमी साखर कारखान्याचेच दाखले देतो. आज जरा बाहेर जाऊ. लिज्जतचा पापड आपल्याही घरात येतो; पण तो करणारी संस्था रोज कशी चालते, हे बघण्यासारखे आहे.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटे. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली. (कायद्याने ही सहकारी संस्था नव्हे, संस्था नोंदणी कायद्याखालची आहे. पण मालकी लाटणाऱ्या बायकांचीच, आणि त्या आता चाळीस हजारांवर आहेत.)

पहिल्याच वर्षी पावसाळा आला नि पापड वाळेनात. चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. काम चालू राहिले. तज्ज्ञांची समिती काही नेमावी लागली नाही!

याहून अवघड अडचण प्रतीची. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना सल्ला देणारे छगनलाल पारेख यांनी सांगितले, की हलका माल करूच नका आणि हिशेब चोख ठेवा. आता एकच प्रत ठेवायची म्हटले, की कुणाचा तरी पापड परत करावा लागतो. भगिनी शाखेतून मळलेले पीठ नेते, घरी लाटून वाळवते, दुसऱ्या दिवशी आणून देते. तपासणारीही तिच्यासारखीच सभासद. शेजारणीच्या तोंडावर नाही म्हणायचे, हे काम रोजचे आहे.

आपल्याकडे हेच काम चिटबॉय आणि गव्हाणीवरच्या माणसाकडे येते. पाचटासकट, मातीसकट ऊस आला, किंवा तोडून तीन दिवस फडात पडलेला आला, तर अडवायचा कोणी? आणणारा मालक, अडवणारा त्याच गावचा पोरगा. शिवाय खराब पापड ओळखता येतो, तो कुणाचा तेही कळते. उसाचे तसे नाही. उतारा निघतो सगळ्या कारखान्याचा मिळून, आणि एफआरपी त्यावर बेतलेली. एक लाख टन गाळपावर उतारा ०.१ टक्क्याने घसरला, तर १०० टन, म्हणजे १००० क्विंटल साखर गेली. ती कुणाच्या उसातली, हे वजनकाट्यावर दिसत नाही. झळ मात्र सगळ्यांना.

यात सगळा दोष सभासदाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. टोळी वेळेवर मिळाली नाही, वाहन आले नाही, तर तोडलेला ऊस वाळणारच. वजन घटते ते शेतकऱ्याचे. तिथे शेतकी खात्यालाच जाब विचारावा.

राहिला पैसा. लिज्जतमध्ये लाटणावळ, तिकडे तिला ‘वणाई’ म्हणतात, रोजच्या रोज हातात पडते. मग आपलेच बिल का रखडते, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांची मुदत घातली, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. पण ऊस येतो चार-पाच महिन्यांत, साखर विकायची वर्षभर. त्यात २०१८ साली केंद्राने महिन्याचा विक्री कोटा पुन्हा लावला. म्हणून गोदामातल्या साखरेवर मालतारण कर्ज काढून बिले भागवायची. बँक साखरेच्या पूर्ण किमतीइतके कर्ज देत नाही, आणि व्याज चालू राहते. संचालकांना हा हिशेब सभेत आकड्यांनिशी सांगता आला पाहिजे. ‘बघू, करू’ हे काही उत्तर नव्हे. आणि सभासदांनीही वार्षिक अहवालातले व्याजाचे पान उघडावे. बहुतेकजण फोटो पाहून अहवाल फळीवर टाकतात.

पुढच्या गटसभेला येताना मागल्या हंगामाची उसाच्या बिलाची पावती बरोबर आणावी. तोडणी-वाहतूक आणि सोसायटीची वसुली त्यात कशी धरली आहे, ते ओळीने वाचू.