पाव, पाऊण आणि पावणेतीन

शीर्षक वाचून कॅन्टीनचा मेनू वाटला असेल तर सॉरी! इथे वडापाव मिळणार नाही. हा लेख अपूर्णांकांवर आहे. हो, तेच पाचवी-सहावीतले फ्रॅक्शन्स. लगेच पान उलटू नका. एम-थ्री सुटलेल्या, लाप्लास ट्रान्सफॉर्म झोपेत करणाऱ्या एका मुलीची (म्हणजे माझी!) या फ्रॅक्शन्सनी कशी विकेट काढली, त्याची ही गोष्ट आहे.

आम्ही निगडीला प्राधिकरणात राहतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ओटा स्कीममधून येतात. त्यांची मुलगी सहावीत आहे. घरात सगळे तिला छोटी म्हणतात. चाचणी परीक्षेत तिला गणितात वीसपैकी चार मार्क पडले. मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही एवढं इंजिनिअरिंग शिकताय, हिला जरा बघाल का?" मी म्हटलं, "त्यात काय, दोन दिवसांत करून टाकते."

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी कॉन्व्हेंटची. "न्यूमरेटर वर, डिनॉमिनेटर खाली" असं सुरू केलं. छोटी नुसती मान हलवत होती. तिच्या पुस्तकात 'अंश' आणि 'छेद' होतं, आणि ते शब्द मलाच माहीत नव्हते! मग मी विचारलं, "१/३ मोठा की १/४?" ती म्हणाली, "१/४." का? तर चार तिनापेक्षा मोठे म्हणून. मी वैतागून म्हटलं, "अगं, एवढं साधं कसं येत नाही तुला?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशी म्हणाल्या, "ती म्हणते मी ढ आहे, मला गणित येणारच नाही. जाऊ द्या ताई." त्या अगदी सहज म्हणाल्या, पण मला रात्री झोप लागली नाही.

आजोबांना सांगितलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, आयुष्य लेथवर गेलं. ते म्हणाले, "चूक तिची नाही, तुझी आहे. तिला आकडे दाखवलेस, वाटा दाखवलाच नाहीस." मी ओटा स्कीममध्ये गेले, छोटीला सॉरी म्हटलं आणि घेऊन आले. त्या संध्याकाळी आजोबांनी जो क्लास घेतला तो तुमच्यापुढे मांडते. कुणाला लहान भावंडांना शिकवायचं असेल तर उपयोगी पडेल.

धडा पहिला : मोठा कोण?

आजीने गरम भाकरी केली. आजोबांनी छोटीला विचारलं, "ही तिघांत वाटली तर तुला जास्त मिळेल, की चौघांत वाटली तर?" ती लगेच म्हणाली, "तिघांत!" "मग १/३ म्हणजे तिघांतला एक वाटा आणि १/४ म्हणजे चौघांतला. आता सांग मोठा कुठला?" छोटी हसली. खाणारी तोंडं जितकी जास्त, तितका वाटा लहान. बस, एवढंच.

ही चूक फक्त सहावीतल्या मुलांची आहे असं समजू नका. १९८० च्या दशकात अमेरिकेत ए अँड डब्ल्यू या कंपनीने मॅकडोनाल्डच्या पाव पौंडाच्या बर्गरला टक्कर द्यायला, त्याच किमतीत, एक तृतीयांश पौंडाचा बर्गर काढला. तो चालला नाही. कंपनीच्या तेव्हाच्या मालकाने पुढे लिहिलं की चौकशी केली तर निम्म्याहून जास्त लोकांना १/३ हा १/४ पेक्षा कमी वाटत होता! तेव्हा छोटी एकटी नाही.

धडा दुसरा : बेरीज

छोटीने वहीत १/२ + १/४ = २/६ असं लिहिलं होतं. वरचे मिळवले, खालचे मिळवले. आजोबांनी ते खोडलं नाही. ते म्हणाले, "२/६ म्हणजे सहातले दोन, म्हणजे तिनातला एक. तो अर्ध्यापेक्षा मोठा की लहान?" "लहान." "अर्ध्यात आणखी भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं?" छोटी विचारात पडली.

मग त्यांनी विचारलं, "वाण्याकडून अर्धा किलो साखर आणली, वर पाव किलो आणली. एकूण किती?" क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आलं : "पाऊण किलो!"

मी बघतच राहिले. या मुलीला अपूर्णांकांची बेरीज येत होती! ती रोज दुकानात जाते, सुटे पैसे मोजून आणते. कागदावरचे १/२ आणि १/४ म्हणजे तेच अर्धा आणि पाव, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता कारण बघा. अर्धा म्हणजे दोन पाव. दोन पाव आणि एक पाव मिळून तीन पाव, म्हणजे ३/४. छेद हे वाट्याचं नाव आहे आणि अंश ही त्याची मोजणी. नाव एक झालं की फक्त मोजायचं. दोन आंबे आणि तीन पेरू मिळून पाच आंबे होत नाहीत, पण पाच फळं होतात, तसंच. गंमत म्हणजे इंग्रजीतही हाच अर्थ आहे. डिनॉमिनेटर म्हणजे नाव देणारा, न्यूमरेटर म्हणजे मोजणारा. बारा वर्षं हे शब्द वापरले, पण कधी लक्षात आलं नाही!

धडा तिसरा : गुणाकार

पाव दोन वेळा घेतला की अर्धा, हा २ × १/४. मग अर्ध्या वेळा घेणं म्हणजे काय? त्याचा अर्धा भाग घेणं. म्हणून अपूर्णांकात गुणिले म्हणजे 'चा'. अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव : १/२ × १/२ = १/४. गुणाकार केला तरी उत्तर लहान का होतं, ते भाकरी मोडून लगेच दिसतं.

इथे आजोबांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं एक गणित सांगितलं. ११५० च्या सुमारास लिहिलेला हा ग्रंथ. भास्कराचार्य आपल्याकडचेच मानले जातात. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. गणित असं : एका कंजूष माणसाने भिकाऱ्याला एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा पाव दिला. तर दिलं किती? करून बघा :

१/२ × २/३ × ३/४ × १/५ × १/१६ × १/४ = १/१२८०

तेव्हा २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या कवड्या झाल्या १२८०. थोडक्यात, त्या महाभागाने दिली एक कवडी! छोटी पोट धरून हसली. इतके मोठे गणिती जोक मारत होते हे मलाही नवीनच!

धडा चौथा : भागाकार

"उलटा करून गुणा" हा नियम आपण सगळे पाठ करतो. 'लीलावती'तही तोच नियम आहे. पण का? तीन भाकऱ्यांचे पाव पाव तुकडे किती? एका भाकरीचे चार, तिनांचे बारा. म्हणजे ३ ÷ १/४ हे ३ × ४ सारखंच. आता प्रत्येकाला पाऊण भाकरी द्यायची तर किती माणसं जेवतील? बारा तुकडे, माणशी तीन, म्हणजे चार जण. आधी चाराने गुणलं, मग तिनाने भागलं. ३ ÷ ३/४ = ३ × ४/३ = ४. उलटं करणं म्हणजे जादू नाही, दोन पायऱ्या एकदम चढणं आहे.

आपल्या शब्दांत लपलेलं गणित

आजोबांच्या शाळेत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करावी लागे. औट म्हणजे साडेतीन. दोन औट सात, तीन औट साडेदहा! कॅल्क्युलेटर नसताना बाजारहाट यावरच चाले. हे शब्द संस्कृतातून आले आहेत. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. पाऊण म्हणजे पादोन, पाव कमी. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धाच. म्हणजे पावणेतीन म्हणताना आपण न कळत ३ − १/४ ही वजाबाकी करत असतो.

मला ही वजाबाकी महागात पडली आहे. एफ.ई.ला असताना मैत्रिणींनी लोणावळ्याला जायला 'पावणेसातची लोकल' ठरवली. मी पावणे म्हणजे सव्वा समजून सात वाजता आकुर्डी स्टेशनवर हजर! त्या गेलेल्या. तसंच वर्कशॉपमध्ये 'तीन सूत' म्हटल्यावर मी बावळटासारखी उभी होते. एक सूत म्हणजे १/८ इंच, म्हणजे तीन सूत ३/८ इंच. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये आजही हे माप तोंडी चालतं.

परवा छोटीने मला अडवलं. "ताई, अर्धा आणि पाव वाण्याला कळतं. पण १/३ किलो कुणी मागतच नाही. त्याला आपल्यात नाव का नाही?" मी गप्पच झाले. रोजच्या मापात तिसरा हिस्सा नाही, म्हणूनच तर त्या दिवशी ती १/३ ला अडली होती! आणि मी तिला काय बोलले होते... मग आम्ही दोघींनी १/२ + १/३ केलं. भाकरीचे सहा तुकडे केले. अर्ध्याचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन, मिळून ५/६. तिने स्वतःच केलं.

सहामाहीत तिला किती मार्क पडतील माहीत नाही. पण 'मी ढ' हा शब्द तिने नंतर काढला नाही. आता तिच्याबरोबर तिच्या वर्गातल्या आणखी दोन मुली येतात आणि मला सबमिशनमुळे दर रविवारी जमत नाही. निगडी-आकुर्डीकडच्या कुणाला तासभर वेळ असेल तर जरूर भेटा. मराठीतून शिकवावं लागेल. ते येत नसेल तर आजोबा शिकवतात, आणि भाकरी आजी करते.