दोरांचा बंदोबस्त

लाकडी जहाजाची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्या माणसाला धाक असतो तो सांगाड्याचा, फळ्यांचा आणि रंधा-करवतीचा. आणि एकदा का ते सांगाड्याचे काम तडीस गेले, की आता केवळ डोलकाठ्या उभ्या करून चार दोर बांधावयाचे उरले, अशा समजुतीने तो निर्धास्त होतो. बडोद्याच्या अलकापुरीतील माझ्या घराच्या मागील खोलीत सेवानिवृत्तीनंतरचा जो काळ मी या उद्योगात घालविला, त्याच्या आधारे सांगतो की ही निर्धास्ती सर्वस्वी अस्थानी आहे. फळी वाकडी बसली तर ती एकटी काढून दुसरी बसविता येते. परंतु दोर चुकला, तर त्याच्यामागून बांधलेला प्रत्येक दोर सोडल्यावाचून त्याच्यापर्यंत बोट पोहोचत नाही.

माझे जहाज म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातील गुराब. विश्वामित्रीकाठच्या माणसाला समुद्राचे हे वेड कोठून लागले, असे पुष्कळजण थट्टेने विचारतात. त्यांना मी एवढेच सांगतो, की खुद्द गायकवाड सरकारचेही आरमार बिलिमोऱ्याच्या बंदरात असे. आंग्र्यांची मूळ जहाजे पाहावयास मिळण्याचा प्रश्नच नाही, कारण १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापुढे एका जहाजावर पडलेल्या गोळ्याची आग शेजारच्यांवर पसरत जाऊन तुळाजी आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. परंतु रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने गुराबेचे वर्णन बऱ्याच तपशिलाने करून ठेविले आहे. डोलकाठ्या बहुधा दोन, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांच्या आत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या घरात. तळ उथळ, लांबीच्या मानाने रुंदी जास्त. आणि नाळेच्या जागी भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या युद्धनौकांसारखी पुढे घुसलेली लांब चोच. समोरच्या लाटांत ही चोच सारखी बुडे, म्हणून तिच्यावरील तक्तपोशीला कठडा ठेवीत नसत. चढलेले पाणी चढले तसे वाहून जावे, अशी ती तजवीज होती.

वाचकाला हे वर्णन इतिहासाच्या हौसेपोटी दिलेले वाटेल, पण दोर बांधणाऱ्याला त्याचे प्रयोजन निराळे आहे. कठडाच नाही म्हटल्यावर पुढच्या दोरांची टोके आणि गाठी लपविण्यास त्या चोचीवर तिळमात्र जागा उरत नाही; बाजारात मिळणाऱ्या युरोपीय फ्रिगेटींच्या नकाशांत कठड्याच्या आतील खुंट्यांवर नेऊन गुंडाळलेले दोर पाहून जो तेच मार्ग गुराबेवर उतरवू जाईल, त्याच्या हाती दोर राहतील आणि ते बांधावयास खुंटी सापडणार नाही. म्हणून सुई-दोरा हाती घेण्यापूर्वी प्रत्येक दोर कोठून निघतो, कोणत्या कप्पीतून जातो आणि कोठे संपतो, याची यादी कागदावर मांडावी. हा शिरस्ता कारकुनी वाटतो खरा, परंतु सरकारी दप्तरात आयुष्य काढलेल्या माणसाला तो जड जात नाही.

डोलकाठीसंबंधी एक प्रलोभन आमच्या भागातच आहे. संखेड्याचे खरादी सागाच्या लाकडावर जी नजाकत उतरवितात ती पाहिल्यावर कोणालाही वाटावे, की डोलकाठी त्यांच्या चरकावर उतरवून घ्यावी. मी तशी विचारणा करताच तेथील एका वृद्ध कारागिराने हसून सांगितले, “साहेब, खुर्चीचा पाय आणा, करून देतो. ही काडी मधोमध थरथरेल आणि हत्यार तिला खाईल.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. लांब व बारीक लाकूड हातानेच उतरवावे: प्रथम चौकोनी, मग कोपरे तासून अष्टकोनी, पुन्हा तासून षोडशकोनी, आणि शेवटी घासकागदाने गोल. लाकूड करवतीने कापलेले नसून रेषेच्या दिशेने फोडलेले असावे. रेषा आडवी पडलेल्या काठीला बाक येतोच. आणि तयार झालेली काठी तिच्या खोबणीत सरसाने चिकटवू नये. ती नुसती टेकलेली राहू द्यावी. तिला उभे धरण्याचे काम दोरांचे आहे, आणि दोर बांधता बांधता तिचा कल केसभर पुढे-मागे करण्याची मुभा आपल्याला हवी असते.

आता मुख्य मामला, दोरांचा. तंबूच्या खांबाप्रमाणे डोलकाठीही परस्परविरुद्ध ताणांमुळे उभी असते. तिच्या दोन्ही बाजूंना उतरणारे दोर, ज्यांना मी तणावेच म्हणतो, जोडीने घालतात: एकच दोर दुमडून काठीच्या माथ्यावर अडकवावयाचा आणि त्याची दोन्ही टोके एकाच बाजूला खाली उतरवावयाची. प्रथम उजवीकडील पुढची जोडी, मग डावीकडील पुढची, पुन्हा उजवी, पुन्हा डावी. सर्व जोड्या माथ्यावर एकीवर एक बसल्यानंतरच पुढच्या दिशेने ओढणारा जाड दोर त्यांच्यावरून घालावयाचा. प्रत्येक जोडीनंतर ओळंबा धरावा. एका बाजूचे सारे तणावे एकदम उरकून घेण्याचा मोह होतो, कारण जहाज पुन्हा पुन्हा फिरवावे लागत नाही. परंतु तसे केल्यास काठी त्या बाजूस कलते, आणि पुढे दुसऱ्या बाजूने कितीही ओढले तरी तो ताण तिला सरळ न करता धनुष्यासारखी वाकवितो.

धाग्याच्या बाबतीत माझा अनुभव अधिक कडू आहे. परगावच्या एका विक्रेत्याकडून आलेल्या साहित्यात तणाव्यांसाठी कृत्रिम धागा होता आणि पुढच्या दोरासाठी सुती. वैशाखात, बडोद्याचा पारा बेचाळिसाच्या पलीकडे असताना, मी सर्व दोर तारेसारखे ताणून बांधले. आषाढ उजाडला, स्थानकाकडे जाणाऱ्या गरनाळ्यात नेहमीप्रमाणे पाणी साचले, आणि घरातील मीठही ओलसर झाले. सुती दोराचा धर्म असा, की दमट हवेत त्याचे तंतू फुगतात, पीळ आवळतो आणि दोर लांबीने आखडतो. कृत्रिम धाग्याला त्याचे सोयरसुतक नसते. परिणामी पुढचा दोर आखडला, तणावे जागचे हलले नाहीत, आणि या ओढाताणीत जे सर्वांत दुबळे होते, म्हणजे चोचीवरून पुढे आलेले बारीक लाकूड, ते उचलले जाऊन मुळाशी चिरले. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होताच तोच दोर झोळीसारखा लोंबू लागला.

यावरून दोन गोष्टी पदरात घ्याव्यात. जहाजावर धागा एकाच जातीचा असावा, म्हणजे निदान सारे दोर एकत्र आखडतील व एकत्र सैलावतील. आणि दोर बांधण्याचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा धरावा, कारण त्या काळातील हवा दोन्ही टोकांच्या मधली असते. तारेसारखा ताण तर मुळीच नको. बोटाने हलके दाबले असता दोर किंचित लवला पाहिजे. वातानुकूलित खोलीत जहाज ठेवणाऱ्यांना अलकापुरीत तोटा नाही. त्यांनी ध्यानात घ्यावे, की दिवसा कोरडी आणि रात्री यंत्र बंद होताच दमट होणारी ती खोली पावसाळा आणि उन्हाळा दररोज घडवून आणते.

या हंगामाच्या मधोमध उत्तरायण येते, आणि घरोघरी फिरक्यांवर उरलेला दोरा पाहून काटकसरी मनाला पालवी फुटते. मांजा मात्र कदापि वापरू नये. त्यावरील काचेची भुकटी कप्पीचे भोक कुरतडते, गाठीपाशी दुसऱ्या दोराला कापते आणि बोटांचे जे करते ते बडोद्याच्या वाचकाला सांगावयास नको. भुकटी न लावलेला साधा सुती दोरा चालतो. तो काताच्या पाण्यात बुडविला असता काथ्याच्या दोराचा तपकिरी रंग येतो, जो आपल्या किनाऱ्याच्या जहाजाला डांबरी काळ्यापेक्षा शोभतो. मग टोकाला वजन अडकवून तो टांगून वाळवावा, म्हणजे त्याची उपजत ताणण्याची खोड निघून जाते. आणि शेवटी मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून ओढून घ्यावा, म्हणजे त्याची लव बसते. गाठीवर झटपट चिकटणारा रासायनिक डिंक घालू नये, त्याने दोरा ठिसूळ होतो व पांढरा डाग उमटतो. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा थेंब पुरे, तो पुढे ओला करून सोडविताही येतो.

तणाव्यांवरील चढण्याच्या दोरशिडीबद्दल थोडे. मोठ्या जहाजांवर तिच्या पायऱ्या १३ ते १५ इंचांच्या अंतराने असत, म्हणजे १:६४ या प्रमाणात पाच ते सहा मिलिमीटर. कागदावर तितक्या अंतराच्या रेघा आखून तो तणाव्यांच्या मागे धरावा आणि मधल्या तणाव्यांवर दुहेरी वेढ्याची गाठ मारीत जावे. येथे नवशिक्या प्रत्येक गाठ आवळतो. एका पायरीत ते दिसत नाही, पण वर जाता जाता कडेचे तणावे आत ओढले जाऊन शिडीची कंबर बारीक होते. थोड्या पायऱ्या झाल्या की मोजपट्टी लावावी.

परंतु ही शिडी कोठे लावावयाची हेही पाहिले पाहिजे. तत्कालीन युरोपीय चित्रांत गुराबेला चौरस शिडे दिसतात, तेव्हा तिला ती शोभेल. तिच्या सोबतच्या गलबताला मात्र ती लावणे शुद्ध अडाणीपणा होय. गलबताच्या मुख्य काठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड. अशा तिरक्या परबाणाच्या, म्हणजे शीड ज्याला बांधतात त्या दांड्याच्या, जहाजांची काठी पुढे कललेली असते, शीड चढविण्याचा जाड दोर मागे बांधला जाऊन तोच काठीला मागून धरतो, आणि बाजूचे दोर कप्प्यांवर असतात, कारण वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूला ते हलवावे लागतात. हलविण्याच्या दोरावर शिडी बांधणार कशी? एका सुशिक्षित गृहस्थांच्या दिवाणखान्यात मी असे शिडीवाले गलबत पाहिले आहे. यजमानांच्या चहाला जागून मी मौन पाळले.

शेवटी क्रम. परबाणावरील कप्प्या ते काठीवर चढविण्यापूर्वी टेबलावरच बांधून घ्याव्यात. काठीलगतचे दोर आधी आणि कडेचे मागाहून, म्हणजे चिमट्याला वाट राहते. शीड वर-खाली करण्याच्या चालत्या दोरांच्या खुंटीवरील गाठींना डिंकाचा थेंब लावू नये. ज्येष्ठाच्या अखेरीस, पहिली सर येण्यापूर्वी, त्या एक वेढा सैल कराव्यात आणि दसऱ्याला पुन्हा ओढून घ्याव्यात. काचेची पेटी मापताना चोचीपुढचे लाकूड धरून लांबी घ्यावी. सुतार बहुधा जहाजाच्या सांगाड्याचेच माप घेऊन जातो.