पडद्याचा दुभाषी

विद्यार्थ्यांनो, हैदराबादचा एक पाहुणा तुमच्या घरी दासगावला आला आहे असे समजा. त्याला फक्त उर्दू येते. महाडच्या बाजारात भाजीवाली मराठीत भाव सांगते. तेव्हा तुम्ही दोघांच्या मध्ये उभे राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावता. असे काम करणाऱ्याला मराठीत 'दुभाषी' आणि उर्दूत 'तर्जुमान' म्हणतात.

संगणकातही दुभाषी असतात. त्यांना 'ड्रायव्हर' म्हणतात. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. काही संगणकांत ते वेगळे बसवलेले असते, तर काहींत मुख्य चिपमध्येच असते. विंडोजने दिलेला हुकूम या भागाला कळेल अशा भाषेत सांगणारा प्रोग्राम म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर.

एके काळी आपली लिपी पडद्यावर दिसावी म्हणूनही संगणकात एक कार्ड बसवावे लागे. त्याचे नाव 'जिस्ट'. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने पुढे नेले. आज देवनागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या अशा कार्डाशिवाय दिसतात. पण ग्राफिक्सचा दुभाषी आजही लागतो.

ड्रायव्हर नीट बसला नाही, तर अक्षरे फार मोठी दिसतात, चित्रे अडखळतात किंवा पडदा काळा होतो. मग कोणीतरी म्हणते, "कार्ड जळले, नवे आणा." संगणक महाडला न्यायचा, तर दिवस मोडतो आणि पैसेही लागतात. पुष्कळदा यंत्र चांगले असते, फक्त दुभाषी चुकलेला असतो. म्हणून आधी पुढील गोष्टी क्रमाने करा.

१. संदेश वाचा. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स' पाहा. तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' एवढेच नाव असेल, तर खरा ड्रायव्हर चालू नाही. पिवळे चिन्ह असेल, तर त्यावर दोनदा क्लिक करा. कोड १४ म्हणजे संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड ४३ म्हणजे त्या भागाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने त्याला थांबवले आहे. अशा वेळी दोष ड्रायव्हरचा किंवा कार्डाचाही असू शकतो. कोड वहीत लिहून ठेवा.

२. योग्य दुभाषी निवडा. तमिळ जाणणारा दुभाषी महाडच्या बाजारात काय कामाचा? कार्ड इंटेलचे, एएमडीचे की एनव्हिडियाचे, आणि विंडोज ३२ बिट की ६४ बिट, हे आधी पाहा. ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. लॅपटॉप असेल, तर आधी लॅपटॉपच्या कंपनीकडे पाहा. 'सर्व ड्रायव्हर फुकट' अशा जाहिरातींतून व्हायरस येऊ शकतो.

३. जुना काढा, मग नवा बसवा. दोन दुभाषी एकदम बोलू लागले, तर गोंधळ होतो. त्याआधी 'रिस्टोअर पॉइंट' तयार करा, म्हणजे मागे परतण्याची वाट राहते.

४. वीज सांभाळा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. काम अर्ध्यावर थांबले, तर ड्रायव्हरही अर्धवट बसतो. यूपीएस असेल, तेव्हाच हे काम करा.

५. पडदा काळा झाला, तर घाबरू नका. संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. तेथे विंडोज साध्या ड्रायव्हरने पडदा चालवते. मग ड्रायव्हरच्या पानावरील 'रोल बॅक' बटणाने जुना ड्रायव्हर परत आणा. ते बटण चालत नसेल, तर रिस्टोअर पॉइंट वापरा.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याचा परिणाम पाहा. चार बदल एकदम केले, तर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे कळत नाही. एवढे करूनही कोड ४३ गेला नाही, तर कारागिराकडे जा आणि आपली वही त्याला दाखवा. त्याचे निम्मे काम तुम्ही आधीच केलेले असेल. चुकीचा संदेश म्हणजे यंत्राचा राग नव्हे; आपले कुठे दुखते ते यंत्र सांगत असते. ते शांतपणे वाचणाऱ्याला चांगली वस्तू भंगारात टाकावी लागत नाही.

शब्दार्थ
दुभाषी – तर्जुमान
हुकूम – आज्ञा
दिवस मोडणे – पूर्ण दिवस वाया जाणे
नेम नसणे – खात्री नसणे
कारागीर – दुरुस्ती करणारा

स्वाध्याय
१. ड्रायव्हरला दुभाषी का म्हटले आहे?
२. कोड १४ आणि कोड २८ यांत काय फरक आहे?
३. 'नेम नसणे' आणि 'दिवस मोडणे' यांचा वाक्यात उपयोग करा.