दमानं करायची बाथरूमची दुरुस्ती

प्रश्न : मला संधिवात आहे, अर्ध्या तासात हात भरून येतात. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे काळे पडून झिजले आहेत. खर्च आणि ताकद दोन्ही बेताचं. स्वतः काय करू शकेन?

उत्तर : फोडाफोड करू नका. टाइल्स उखडणं आणि वॉटरप्रूफिंग गवंड्याकडेच द्या. तिथली चूक खालच्या घराच्या छतातून ठिबकते.

सांधे मात्र तुमच्या आवाक्यातले. काळेपणा घालवायला अॅसिड टाळा. ते सिमेंटचे सांधेच खातं, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. सांधे खरवडण्याच्या हत्याराच्या मुठीला जाड कापड गुंडाळा, पकड सोपी होते. स्टुलावर बसून एका वेळी दोन-तीन ओळीच खरवडा. सैल झालेलं सगळं काढा, धूळ पुसा.

मग सांधे भरायचा मसाला, म्हणजे ग्राउट. एपॉक्सी ग्राउट जास्त टिकतं, डागही धरत नाही. तरी तुम्हाला मी ते सुचवणार नाही : कालवल्यावर ते थांबू देत नाही, आणि टाइलवर वाळलेला थर काढायला फार जोर लागतो. पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं ग्राउट घ्या, वाटीभरच कालवा, रबरी पट्टीनं तिरकं दाबून भरा, किंचित आवळल्यावर ओल्या स्पंजनं पुसा. 24 तास तिथे पाणी नको. म्हणून आंघोळीची जागा सगळ्यात शेवटी घ्या.

आधारासाठी दांडी हवीच. भिंतीला भोकं पाडायला माणूस बोलवा. चिकटणाऱ्या रबरी कपांच्या दांडीवर अंगाचा भार कधीच टाकू नका.