साठीनंतरच्या सरकारी सवलती : कोणती आपली, कोणती नव्हे



शेअर घेताना ज्यांना नुकते मिसरूड फुटले होते, ते आपले कितीतरी सभासद आज आजोबा झाले आहेत. उसाचा कारभार मुलांच्या हाती गेला, पण सात-बारा, बँकेची ठेव आणि कारखान्याचा शेअर बहुतेकांच्या अजून स्वतःच्या नावावर आहे. अशा वडीलधाऱ्या मंडळींसाठी सरकारने काय काय ठेवले आहे, याबद्दल गावोगावच्या पारावर उलटसुलट बोलले जाते. कोणी म्हणतो, सगळ्यांना पेन्शन मिळते. कोणी म्हणतो, बागायतदाराला काहीच मिळत नाही. दोन्ही खरे नाही. म्हणून या पाठात पैशाचा हिशोब नीट मांडू.

सर्वांच्या तोंडी असलेली श्रावणबाळ योजना आधी घेऊ. वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, ही तिची मुख्य अट. रक्कम २०२३ साली महिना १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. आता २१,००० म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. एकरभर ऊस कारखान्याला घालणारा माणूस या अटीत कसा बसणार? ऊसबिल बँकेत जमा होते, त्याची नोंद राहते. तेव्हा एजंटाला पैसे चारून कमी उत्पन्नाचा दाखला काढण्याच्या भानगडीत सभासदाने पडू नये. उद्या चौकशी लागली तर घेतलेली रक्कम वसूल होते, आणि एजंट तोवर दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

मात्र आपल्याच वस्तीवर, आपल्याच बांधावर राबलेली भूमिहीन म्हातारी माणसे असतात. ती या योजनेत बरोबर बसतात, आणि कागद कोण करणार म्हणून तीच मागे राहतात. विधवा, अपंग आणि निराधार यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तिला ६५ वर्षांची वाट पाहावी लागत नाही. दोन्हींचा अर्ज तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रात द्यायचा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतात, म्हणून खाते आधारला जोडले आहे का हे आधी बँकेत विचारावे. वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि घरचे म्हणतात, सरकारने योजना बंद केली.

आता सभासदाच्या घरचा विषय. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळून १२,००० रुपये. ही काही म्हातारपणाची पेन्शन नव्हे. जमीन नावावर असणाऱ्या शेतकरी कुटुंबाचा तो हप्ता आहे. पण घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात स्वतःचा म्हणून पडणारा तेवढाच रोख पैसा, असे पुष्कळ घरांत आहे. औषधपाणी, पंढरीची वारी, नातवंडाच्या हातावर ठेवायचे दहा-वीस, सगळे त्यातून निघते.

नेमका हाच पैसा घाईच्या खातेफोडीत जातो. दोघे मुलगे म्हणतात, "दादा, तुमच्या हयातीत वाटणी करून टाका, मागे भांडण नको." दादा सही करतात, फेरफार होतो, सात-बारा मुलांच्या नावावर चढतो. जमीन गेली म्हणून दादांचा हप्ता बंद. मुलांना तरी मिळतो का? तर या योजनेत जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असणे धरले आहे. त्यानंतर जमीन नावावर आली असेल, तर ती खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आली तरच चालते, असा नियम ठेवला गेला. म्हणजे बाप हयात असताना केलेल्या वाटणीने बापाचे बारा हजार गेले आणि मुलांच्या पदरातही पडले नाहीत. वाटणी करूच नये असे आमचे म्हणणे नाही, कधी कधी ती करावीच लागते. पण सही करण्याआधी हा हिशोब घरात बसून करावा. थोडेसे क्षेत्र आई-वडिलांच्या नावावर राहू द्यायला काय हरकत आहे?

बक्षीसपत्र करायचेच असेल, तर आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, "आमचा सांभाळ करावा" या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. दाद प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे मागायची. यात अटीला फार महत्त्व आहे. अट दस्तातच लिहून घ्या. आपल्याकडे बापाला असे लिहून मागायची लाज वाटते. लेकावर विश्वास नाही का, असे चारचौघे म्हणतील ही भीती असते. पण नेक लेकाचे त्या एका ओळीने काही बिघडत नाही.

आता टॅक्सकडे वळू. ऊसबिल हे शेतीचे उत्पन्न, त्यावर प्राप्तिकर नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ऊसबिलाचे पैसे ठेवीत घातले की त्या ठेवीचे व्याज शेतीचे राहत नाही. बँकेतल्या ठेवीचे नाही आणि कारखान्यातल्या ठेवीचेही नाही. इथे बरेच जण फसतात. दुसरी बारीक गोष्ट अशी की शेतीबाहेरचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेले, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही जमेस धरतात.

समजा, पाटाच्या कामात एका सभासदाची थोडी जमीन गेली आणि मोबदल्याचे २० लाख त्यांनी जिल्हा बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले. वर्षाचे व्याज १,४०,००० झाले. वय ६० च्या वर असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून बँक एक लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस कापत नाही. आधी ही मर्यादा पन्नास हजार होती. इथे व्याज लाखाच्या वर आहे, म्हणून बँक १० टक्के म्हणजे १४,००० रुपये कापून घेईल. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के, म्हणजे २८,००० रुपये!

आता पाहा, या माणसाला मुळात कर लागतो का? जुन्या पद्धतीत ६० वर्षांवरील व्यक्तीला ३ लाखांपर्यंत आणि ८० वर्षांवरील व्यक्तीला ५ लाखांपर्यंत कर नाही. शिवाय बँक, सहकारी बँक वा पोस्टातल्या ठेवींच्या व्याजातून ५०,००० रुपयांची वजावट मिळते. नव्या पद्धतीत ही वजावट नाही आणि वयाची वेगळी सवलतही नाही. पण तिथे २०२५-२६ पासून सर्वांनाच ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि सूट धरून १२ लाखांपर्यंत कर शून्यावर येतो. कोणत्याही बाजूने मोजा, १,४०,००० वर कर शून्य. तरी १४,००० कापले गेले. का? तर "माझ्यावर कर बसत नाही, टीडीएस कापू नये" असा फॉर्म बँकेत दिला नाही म्हणून. ६० वर्षांवरील लोकांच्या या फॉर्मला बँकेत वर्षानुवर्षे पंधरा-एच म्हणत आले. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तेव्हा नंबर पाठ करत बसू नका. काम काय आहे ते सांगून फॉर्म मागा. तो दरवर्षी द्यावा लागतो, जितक्या बँकांत ठेव तितक्या ठिकाणी द्यावा लागतो, आणि पॅन असल्याशिवाय चालत नाही. कापलेली रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मिळते. पण त्यापायी तालुक्याला खेटे कोण घालणार?

पन्नास हजारांच्या वजावटीत कारखान्याच्या ठेवीचे व्याज येत नाही, कारण कारखाना बँक नाही. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, तेही पतसंस्थेतल्या किंवा कारखान्यातल्या ठेवीला नाही. हे आमच्याच वार्तापत्रात लिहिताना थोडे अवघड वाटते, पण सभासदाला खरे माहीत असावे. म्हातारपणाची सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये. पोस्टात ६० वर्षांवरील लोकांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून आहे. तिची मुदत पाच वर्षे, कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख. तेव्हापासून २०२५ अखेर व्याज ८.२ टक्के राहिले. त्या दराने लाखाला दर तिमाहीस २,०५० रुपये हाती पडतात.

मानधन योजनेबद्दलही गैरसमज आहे. २०१९ ची पीएम किसान मानधन योजना म्हाताऱ्यांसाठी नाही, तरुणांसाठी आहे. वय १८ ते ४० आणि जमीन दोन हेक्टरच्या आत असेल त्याने वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, म्हणजे साठीनंतर महिना ३,००० मिळतात. साठी उलटलेल्याला त्यात नाव घालता येत नाही. घरातल्या मुलाला मात्र जरूर सांगावे.

दवाखान्याचे सांगायचे तर, ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. त्याला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे बागायतदारही त्यात येतो. एसटीत ६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आणि ७५ च्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे.

या दोन्हींसाठी वय आधार कार्डावर पाहतात. आणि आपल्या वयस्कर मंडळींच्या आधारवर जन्मतारीख कशी असते? निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचा! नोंदणीच्या वेळी अंदाजाने सांगितलेले वय तसेच छापले गेले आहे. कोणाची चार-पाच वर्षे त्यात कमी लागली असतील, तर तेवढी वर्षे सवलत उशिरा मिळणार. शाळेचा दाखला किंवा जन्माचा इतर पुरावा असेल तर तारीख दुरुस्त करून घ्यावी. ही दुरुस्ती साधारण एकदाच करता येते, म्हणून घाईत पुन्हा चुकीची तारीख घालू नये. शाळेचा दाखला बहुधा गावच्या मराठी शाळेतच पडून असतो. तो काढायला मुलाला किंवा नातवाला पाठवा.